झोप येईना? आधी तिचा पाठलाग थांबवा
निद्रानाशाची कारणे, घरगुती उपायांची खरी किंमत आणि डॉक्टरांकडे जाण्याची वेळ

रात्रीचे दोन वाजलेले असतात. सारे घर निजलेले असते. पंख्याची घरघर, रस्त्यावरून गेलेल्या एखाद्या रिक्षाचा आवाज, शेजारच्या इमारतीतील पाण्याचा पंप, सारे काही नको तितके स्पष्ट ऐकू येत असते. कूस बदलून, उशी उलटी करून, पांघरूण ओढून आणि भिरकावूनही झालेले असते. अखेर हात उशाशी ठेवलेल्या मोबाइलकडे जातो आणि मनात हिशेब सुरू होतो. आता लगेच झोप लागली तरी चार तास मिळतील. सहाची लोकल, मुलांचा डबा, दहाची बैठक. हा हिशेब जितका काटेकोर, तितकी झोप दूर पळते.

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ असे आपल्याकडे म्हणतात. भूक खरी असेल तर कोंड्याचीही गोडी लागते आणि अंग थकलेले असेल तर दगडाची उशीही चालते, हा त्याचा अर्थ. शहरी माणसाकडे आज मऊ गादी आहे. नाही ती निवांत झोप. मग कुणी जायफळ उगाळतो, कुणी डोक्याला तेल थापतो, तर कुणी शेजाऱ्याने सुचवलेली गोळी घेऊन मोकळा होतो. यांतील कोणता उपाय खरोखर उपयोगी, कोणता निरुपद्रवी आणि कोणता धोक्याचा, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

निद्रानाश कशाला म्हणावे?

एखाद्या रात्री झोप न लागणे हा आजार नव्हे. परीक्षा, घरातील आजारपण, नोकरीची चिंता, प्रवास अशा कारणांनी चार-दोन रात्री वाईट जाणे स्वाभाविक आहे. झोपेसाठी पुरेसा वेळ आणि सोय असूनही झोप लवकर न लागणे, मधूनच जाग येऊन पुन्हा न लागणे किंवा पहाटे फार लवकर जाग येणे, आणि त्याचा परिणाम दिवसाच्या कामावर, लक्षावर वा स्वभावावर होणे, याला निद्रानाश म्हणतात. आठवड्यातून किमान तीन रात्री असे होत असेल आणि ते तीन महिने टिकले असेल, तर तो जुनाट निद्रानाश मानला जातो.

प्रौढ व्यक्तीला साधारण ७ ते ९ तास आणि ६५ वर्षांवरील व्यक्तीला ७ ते ८ तास झोप पुरेशी समजली जाते. मात्र हा आकडा उशाशी घेऊन झोपू नये. सहा-साडेसहा तास झोपून दिवसभर ताजेतवाने असणाऱ्याने ‘आपली झोप पुरी होत नाही’ म्हणून धास्ती घेण्याचे कारण नाही.

झोप येते कशी?

झोपेचे गणित दोन गोष्टींवर चालते, अशी मांडणी स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली आणि ती आजही मान्य आहे. पहिली गोष्ट म्हणजे झोपेची भूक. आपण जागे असतो तेवढा वेळ मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि पेंग वाढत जाते. झोपेत तो साठा रिता होतो. दुपारी जेवून दोन तास ताणून दिली, तर ही भूक संध्याकाळीच मरते आणि रात्री डोळे टक्क उघडे राहतात.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचे घड्याळ. मेंदूतील एका लहानशा पेशीसमूहात हे घड्याळ असते आणि डोळ्यांत शिरणारा प्रकाश त्याचे काटे फिरवतो. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते, शरीराचे आतील तापमान किंचित उतरू लागते आणि झोपेची वेळ झाल्याचा निरोप सर्वत्र पोहोचतो. या घड्याळाची पेशींच्या पातळीवरील यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या अमेरिकी संशोधकांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रात्रपाळीत काम करणारे, परदेशी वेळेनुसार कामाला बसणारे संगणक अभियंते, रुग्णालयातील परिचारिका, सुरक्षारक्षक यांच्या झोपेची तक्रार बहुधा इथेच असते. झोपेची भूक असते. पण घड्याळ ‘दिवस आहे’ असे सांगत असते. अशांनी घरी परतताना काळा चष्मा वापरणे, खोलीला जाड पडदे लावणे आणि घरच्यांनी ती वेळ ‘रात्र’ मानणे याचा उपयोग होतो.

चार रात्रींची तक्रार वर्षभराची कशी होते?

निद्रानाशावर उपाय शोधताना हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी त्याचे उत्तर तीन पायऱ्यांत दिले. पहिली पायरी स्वभावाची. काही माणसे मुळातच सावध झोपेची आणि काळजी करणारी असतात. दुसरी पायरी निमित्ताची. बदली, भांडण, मृत्यू, आजार. तिसरी पायरी मात्र आपण स्वतः बांधतो. झोप झाली नाही म्हणून सकाळी उशिरापर्यंत लोळणे, दुपारी भरपाई करणे, रात्री नऊलाच अंथरुणात शिरणे, चहाचे कप वाढवणे, सुटीच्या दिवशी दहापर्यंत निजणे. निमित्त काही आठवड्यांत विरून जाते. या सवयी मात्र निद्रानाशाला जगवत राहतात. हळूहळू अंथरूण पाहिले की झोपेऐवजी तळमळच आठवते. दिवाणखान्यात टीव्हीसमोर पेंगणारा माणूस अंथरुणावर पाठ टेकताच खडबडून जागा होतो, तो यामुळेच.

आजीबाईचा बटवा

आयुर्वेदाने झोपेला फार वरचे स्थान दिले आहे. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधार, असे चरकसंहिता सांगते. झोप न येणाऱ्यासाठी तिने सुचवलेल्या गोष्टींत अंगाला तेल लावणे, स्नान, दूध-तुपाचा आहार आणि मनाला रुचेल असे वातावरण यांचा समावेश आहे. झोप आणणाऱ्या पदार्थांत म्हशीचे दूध श्रेष्ठ, असेही तिचे मत आहे. आपल्या घरांतील बहुतेक उपाय याच परंपरेतले आहेत. त्यांकडे एकेक करून पाहू.

गरम दूध : दुधात ट्रिप्टोफॅन हे द्रव्य असते आणि त्यापासून शरीर मेलाटोनिन बनवते, हे खरे, पण पेलाभर दुधातील त्याचे प्रमाण अगदी थोडे असते. दुधाचा गुण त्याच्या ऊबेत, पोटाला मिळणाऱ्या आधारात आणि रोजच्या ठरलेल्या क्रमात अधिक आहे. ज्यांना दूध पचत नाही किंवा ज्यांना पित्ताचा त्रास होतो, त्यांनी हट्ट धरू नये. मधुमेह असेल तर साखर वगळावी.

जायफळ : दुधात जायफळ उगाळून घेण्याची चाल महाराष्ट्रात घरोघर आहे. श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतर येणाऱ्या गुंगीचे श्रेय गंमतीने जायफळालाच दिले जाते. सहाणेवर दोन-चार वेढे उगाळलेले किंवा अगदी चिमूटभर जायफळ प्रौढांना सहसा बाधत नाही. मात्र ‘झोप येत नाही, मग अर्धे जायफळच घालू’ हा विचार घातक आहे. एक-दोन चमचे पूड पोटात गेली तर मळमळ, छातीत धडधड, तोंडाला कोरड आणि भ्रम अशी विषबाधेची लक्षणे दिसू शकतात. गर्भवतींनी औषध म्हणून जायफळ घेऊ नये.

खसखस : खसखशीची खीर शांत झोपेसाठी दिली जाते. खसखस अफूच्याच बोंडातली असली, तरी स्वच्छ केलेल्या दाण्यांत गुंगीचे द्रव्य नगण्य असते. दुबईला किंवा संयुक्त अरब अमिरातीत अन्यत्र जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी मात्र ती सामानात मुळीच नेऊ नये. तिथे खसखशीवर बंदी आहे.

पिंपळमूळ : पिंपळमुळाचे म्हणजे गंठोड्याचे चिमूटभर चूर्ण गुळाबरोबर घेण्याचा उपाय वैद्य मंडळी सांगतात. तो उष्ण असल्याने पित्तप्रकृतीच्या व्यक्तींनी वैद्याला विचारूनच घ्यावा.

तळपायाला तेल : काशाच्या वाटीने तळपायाला तूप किंवा तेल चोळणे हा आपल्याकडचा फार जुना आणि सुरेख उपाय. कोकणात त्यासाठी कोकमाचे तेल वापरतात. दहा-पंधरा मिनिटे कुणी तरी मायेने तळवे घासले की अंग सैलावते आणि दिवसभराचा ताण उतरतो. यात अपाय काहीच नाही. फक्त पाय पुसून मगच उठावे, नाहीतर गुळगुळीत फरशीवर घसरण्याची भीती असते. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झालेल्यांनी जोराने घासू नये.

गरम पाण्याची अंघोळ : या उपायाला आधुनिक संशोधनाचाही भक्कम आधार आहे. झोपण्यापूर्वी एक ते दोन तास आधी ४० ते ४२.५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याने अंघोळ केल्यास झोप सरासरी दहा मिनिटे लवकर लागते, असा निष्कर्ष टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन काढला. गरम पाण्याने हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराची उष्णता बाहेर पडते आणि आतील तापमान उतरते. पाणी जपून वापरावे लागत असेल तर बादलीत पाय बुडवून बसणेही चालेल.

अश्वगंधा आणि तगर : ‘वनस्पती आहे, अपाय काय होणार?’ हा समज सोडावा. अश्वगंधेमुळे झोप सुधारल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले असले, तरी काही व्यक्तींच्या यकृताला तिच्यामुळे इजा झाल्याची नोंदही वैद्यकीय साहित्यात आहे. थायरॉइडची औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी ती परस्पर सुरू करू नये. तगर कुळातील व्हॅलेरियन आणि दुकानात मिळणारे मेलाटोनिन या दोन्हींचा वापर जुनाट निद्रानाशासाठी करू नये, असेच अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०१७ मध्ये सुचवले आहे.

एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. तान्ह्या बाळाने झोपावे म्हणून त्याला जायफळ, खसखस किंवा कसलीही गुंगीची गुटी देऊ नये. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या माता कामावर जाताना लेकरांना अफूची गोळी चाटवून जात. ती त्यांची अगतिकता होती आणि तिची किंमत त्या कोवळ्या जिवांनी मोजली. आज तसे करण्याचे काहीच कारण उरलेले नाही.

चहा, पेला आणि पडदा

चहा-कॉफीतील कॅफिन मेंदूतील ॲडिनोसिनची जागा अडवून बसते. म्हणजे झोपेची भूक असते, पण ती जाणवत नाही. पोटात गेलेले कॅफिन निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. म्हणून झोपेची तक्रार असलेल्यांनी दुपारचा चहा हाच दिवसाचा शेवटचा चहा समजावा.

मद्याने झोप लवकर लागते, हे अर्धसत्य आहे. पहिला प्रहर गुंगीत जातो. उत्तररात्री मात्र झोप तुटक होते, घोरणे वाढते आणि पहाटे घसा कोरडा पडून जाग येते. तंबाखू आणि सिगारेटमधील निकोटिन तर उत्तेजकच आहे.

मोबाइलचा दोष केवळ त्याच्या प्रकाशात नाही. रात्री अकरा वाजता कार्यालयाच्या गटावर आलेला एक संदेश मनाला पुन्हा कामावर हजर करतो. मोबाइल शयनगृहाबाहेर चार्जिंगला लावावा आणि गजरासाठी साधे घड्याळ घ्यावे. त्या घड्याळाचे तोंडही भिंतीकडे वळवून ठेवावे. रात्रीतून वेळ पाहण्याने कुणाचीही झोप आजवर सुधारलेली नाही.

रात्रीचे जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी आणि हलके असावे. मुंबईत आठ-साडेआठला घरी पोहोचणाऱ्याला हे कठीण आहे. अशांनी सहाच्या सुमारास फुटाणे, फळ किंवा घरचा लाडू खाऊन रात्री मुगाची खिचडी, भाकरी-भाजी एवढ्यावर भागवावे.

मनातला गलबला

अंथरुणात पडल्यावर उद्याची कामे डोक्यात फेर धरतात. यावर एक साधा उपाय आहे. निजण्यापूर्वी पाच मिनिटे वही घ्यावी आणि राहिलेली कामे क्रमवार लिहून काढावीत. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पुढील कामांची यादी लिहिणाऱ्यांना झालेल्या कामांविषयी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. कागदावर उतरलेली चिंता मनाला राखावी लागत नाही, असेच म्हणायचे.

शवासन, भ्रामरी आणि संथ श्वसन यांचाही उपयोग होतो. लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ पासून योगक्रियांचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला, तेव्हापासून शरीर सैल सोडण्याच्या या पद्धती महाराष्ट्राला परिचित आहेत. पायाच्या अंगठ्यापासून कपाळापर्यंत एकेक अवयव क्रमाने ढिला सोडावा आणि श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला अधिक वेळ द्यावा. पण हे करताना ‘आता झोप लागलीच पाहिजे’ असा आग्रह नको. झोप ही प्रयत्नाने मिळणाऱ्या मोजक्या वस्तूंपैकी नव्हे.

अंथरुणाची शिस्त

जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नसून वर्तनोपचार हा असावा, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये स्पष्ट केले. या उपचारातील दोन सूत्रे घरीही पाळता येतात.

पहिले सूत्र मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडले. पेंग येईल तेव्हाच अंथरुणावर जावे. अंथरुणात वाचन, टीव्ही, हिशेब, भांडण नको. साधारण वीस मिनिटांत (घड्याळ न पाहता, अंदाजाने) झोप लागली नाही, तर सरळ उठून दुसऱ्या खोलीत बसावे. एका खोलीच्या घरात कोपऱ्यातील खुर्चीही चालेल. मंद प्रकाशात एखादे कंटाळवाणे काम करावे; पेंग आली की परत जावे. रात्र कशीही गेली, तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठावे. रविवारीही.

दुसरे सूत्र झोपेचा वेळ आवळण्याचे. समजा, आपण रात्री ११ ते सकाळी ७ असे आठ तास अंथरुणात असता. पण दोन आठवड्यांच्या नोंदीनुसार झोप भरते ती साडेपाच तासच. म्हणजे अंथरुणातील वेळेपैकी झोप झाली सुमारे ६९ टक्के. अशा वेळी उठण्याची वेळ सकाळी ६ ठरवून निजायला साडेबारालाच जावे. पहिले काही दिवस जड जातात. मग झोप घट्ट होऊ लागते. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांवर गेली की निजण्याची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणावी आणि याच रीतीने पुढे जावे. अंथरुणातील वेळ पाच तासांखाली कधीही आणू नये. अपस्मार, तीव्र मनोविकार किंवा झोपेत श्वास अडण्याचा विकार असलेल्यांनी, तसेच वाहनचालक आणि यंत्रांवर काम करणाऱ्यांनी हा प्रयोग वैद्यकीय देखरेखीशिवाय करू नये.

गोळीचा मोह

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम या औषधांचा समावेश औषध नियमांतील ‘एच-१’ परिशिष्टात आहे. २०१४ पासून लागू झालेल्या या तरतुदीनुसार ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रेत्याला त्यांची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जपावी लागते. नियमाचे कारण उघड आहे. या गोळ्यांची शरीराला सवय लागते, तोच परिणाम मिळवण्यासाठी मात्रा वाढवावी लागते आणि अचानक बंद केल्यास निद्रानाश दुपटीने उसळतो. काही रुग्णांना झटकेही येतात. झोल्पिडेम घेतल्यावर झोपेतच चालणे, वाहन चालवणे असे प्रकार घडल्याने अमेरिकी औषध प्रशासनाने २०१९ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापणे बंधनकारक केले.

ज्येष्ठांच्या बाबतीत धोका आणखी वाढतो. गोळीच्या अमलात रात्री लघवीला उठलेले आजोबा तोल जाऊन पडतात, खुब्याचे हाड मोडते आणि झोपेची साधी तक्रार अंथरुणाला खिळण्यापर्यंत पोहोचते. वडिलांची गोळी आईला, बहिणीची भावाला अशी देवाणघेवाण तर कटाक्षाने टाळावी. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी गोळी दिली असेल तर ती जरूर घ्यावी. पण मुदत संपल्यावर तीच चिठ्ठी वर्षभर चालवू नये. बरीच वर्षे गोळी चालू असेल तर ती एका रात्रीत बंद करू नये; डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

• मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडून दचकून उठणे आणि दिवसा सिग्नलला गाडीतही डुलकी लागणे. हा बहुधा निद्रानाश नसून झोपेत श्वास अडण्याचा विकार असतो. यात झोपेची गोळी घेणे धोकादायक ठरू शकते.
• रात्री पायांत वळवळ होऊन ते हलवावेसे वाटणे. याचा संबंध अनेकदा लोहाच्या कमतरतेशी असतो.
• वजन घटणे, घाम आणि धडधड. थायरॉइडची तपासणी करावी.
• छातीत जळजळ, दमा, सांधेदुखी, वारंवार लघवी यांमुळे येणारी जाग. उपचार मूळ दुखण्यावर हवा.
• रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून वाफा येऊन झोपमोड होणे. यावर उपचार आहेत. सोसत बसू नये.
• पहाटे लवकर जाग येणे, कशातच मन न रमणे, जगणे नकोसे वाटणे. हे नैराश्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी एक दिवसही दवडू नये. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून विनाशुल्क उपलब्ध आहे.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची झोपेची नोंद आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी. सर्दीवरील काही गोळ्या आणि स्टेरॉइड यांनीही झोप उडते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

दुसऱ्याची झोपही आपली

सारे नियम पाळूनही खिडकीबाहेर मध्यरात्री ध्वनिवर्धक गर्जत असेल तर जायफळ काय करणार? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागातील आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणात म्हटले. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही, रात्रभर चाललेल्या एका चौकशीवर नापसंती व्यक्त करताना, झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचे बजावले. रात्री हॉर्न वाजवताना, वरच्या मजल्यावर फर्निचर सरकवताना आणि सहकाऱ्याला अकराला संदेश पाठवताना हे आठवले, तरी पुष्कळ झाले.

आज रात्रीपुरते इतकेच करावे. उद्या उठण्याची एक वेळ ठरवावी, उरलेली कामे वहीत उतरवावीत, मोबाइल बाहेर ठेवावा आणि घरातील थकल्या माणसाच्या तळव्यांना थोडे तेल चोळावे. त्यानंतर झोप आली तर उत्तम. नाहीच आली, तर उठून बसावे. एक रात्र जागून काढल्याने काही बिघडत नाही, ही खात्री मनाला पटली की झोप बहुधा न बोलावताच येते.